वजन ठरवून कमी केलं आहे का?

३ फेब्रुवारी

आज आरोग्य खात्यानं आम्हा दवाखानेवाल्या डॉक्टरांना सभागृहात बसवून एक ॲप शिकवलं. पेशंटनं काय खावं हे आता मोबाइल आम्हाला सांगणार आणि आम्ही पेशंटला. मी मागच्या रांगेत डुलकी काढायच्या तयारीनंच बसले होते. शिकवणारा माणूस इतका इस्त्रीतला होता की मी मनातल्या मनात त्याचं नाव टापटीप ठेवून टाकलं. पण त्यानं सुरुवातच अशी केली की झोप उडाली. म्हणाला, "एका पेशंटशी खाण्याबद्दल तुम्ही किती वेळ बोलता?"

सगळ्यांनी फोनमध्ये डोकं घातलं. मी तरी काय सांगणार? पेशंट उठून दाराशी पोचला की मी त्याच्या पाठीला म्हणते, गोड कमी, तेल कमी, रोज चाला. आम्हाला आजार शिकवले, औषधं शिकवली, पण माणसानं सकाळी उठून काय खावं हे कॉलेजात कुणी धड शिकवलं नाही. इतकी वर्षं त्या एका वाक्यावर निभावून नेतेय.

ॲप मात्र बरं वाटलं. आपण पेशंटचं वय, वजन, आजार भरायचा. मग त्याच्या घरात जे शिजतं त्यातूनच ते आठवड्याचं जेवण बसवून देतं. पेशंटनं जेवायला बसताना ताटाचा फोटो टाकायचा, की हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका येतो आणि तो मला माझ्या फोनवर दिसतो. वजन भराभर उतरलं तर ॲप अडून बसतं आणि डॉक्टरला विचारतं, "वजन ठरवून कमी केलं आहे का?" हो म्हटलं तर पुढे सरकतं. नाही म्हटलं तर आहाराचा सल्ला बंद. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ही ब्याद कशाला मध्ये? टापटीप हसून म्हणाला, "सर, तज्ज्ञांनी हट्टानं घातलीय. सगळ्यांची तक्रार त्याच प्रश्नाबद्दल असते."

९ फेब्रुवारी

ताईची साखर वाढलेली निघाली. सहज म्हणून तपासली होती. आमच्या घरात आजवर कुणाला हा आजार नाही, ना आईला, ना बाबांना. पण एवढं वजन वागवल्यावर दुसरं काय होणार? तीस वर्षं तिच्या कानीकपाळी ओरडतेय.

माझी ही एकुलती एक बहीण खायला बसली की बघत राहावं. मान डोलावत, प्रत्येक घासाशी गप्पा मारल्यासारखी जेवते. लोण्याचा डबा तिच्या हाताच्या अंतरावर लागतो. मी म्हटलं, "आता तरी माझं ऐक." तर म्हणाली, "मी तुझं नेहमीच ऐकते गं छोटे. ऐकून झालं की जेवते."

भावोजींनी मात्र मनावर घेतलं. जन्मभर बसच्या वेळा सांभाळलेला माणूस. त्यांच्या हातात ॲप देऊन टाकलं. "डॉक्टरीणबाई, तुम्ही फक्त हुकूम सोडा," म्हणाले. ताटाचे फोटो तेच काढणार. लोण्याचा डबा माझ्यासमोर शेजारच्यांना देऊन आले. ताई डब्याकडे अशी बघत होती जणू कुणी परगावी निघालंय.

१ मार्च

ॲपनं कमाल केलीय. चौकातल्या बेकरीवाल्याची साखर मला दोन वर्षं दाद देत नव्हती. ॲपनं त्याला विचारलं, कामावर चव बघायला किती खाता? मी कधी विचारलंच नव्हतं. सकाळपासून दुपारपर्यंत तो चिमूट चिमूट करत एक अख्खा केक खात होता. आता त्याची साखर उतरलीय आणि तो माझे गोडवे गातो. मी ते बिनदिक्कत ऐकून घेते.

ताईचे ठिपके सगळे हिरवे. ॲपला ती "तुझा मास्तर" म्हणते. "मास्तरांनी आज पास केलं बरं का," असा फोन येतो. वजनही उतरायला लागलंय. माझी छाती अशी फुगलीय की कोट बदलावा लागेल.

२२ मार्च

ताईचं वजन मी धरलं होतं त्याहून बरंच उतरलं. ॲप लगेच अडून बसलं, ठरवून कमी केलं आहे का? मी "हो" वर बोट असं दाबलं की काच फुटायची. तीस वर्षं ठरवतेय मी.

ती म्हणाली, "मला हल्ली भूकच लागत नाही गं. ताट समोर आलं की नकोसं होतं."

मी म्हटलं, "छान. पोटाला शिस्त लागली म्हणायची."

ती हसली. गालाखालची ती मऊ घडी गेली आहे तिची, चेहरा आईसारखा दिसायला लागलाय. भावोजींचं मात्र पोट सुटलंय. ताईच्या ताटातलं टाकायचं नाही म्हणून ते संपवतात म्हणे. मी त्यांना चिडवलं, "तुम्हालाही मास्तर लावू का?" ते म्हणाले, "मी वर्गाबाहेर बरा." खूप दिवसांनी आम्ही तिघं इतके हसलो.

१७ एप्रिल

आज ताईशी वाजलं.

तिची साखर जागची हलली नाही. उलट थोडी वरच गेली. वजन उतरतंय, ठिपके हिरवे, मी गोळी वाढवली तीही जाते पोटात, मग साखर का उतरत नाही? याला एकच उत्तर आहे. ॲपला ताट दिसतं, कपाट दिसत नाही. मी सरळ विचारलं, "चोरून काय खातेस?"

ती खुर्चीत पुढे वाकून, पोटाशी उशी धरून बसली होती. पाठ दुखते, असं बसलं की बरं वाटतं, असं आधी सांगत होती. मी म्हटलं, "उशी सोड आणि उत्तर दे." तेव्हा ती म्हणाली, "छोटे, मी आज दोन घास खाल्लेत. ते तुझ्या फोनमध्ये आहेत."

भावोजी मध्ये पडले नाहीत. ताट उचलून आत गेले. मला वाटतं त्यांनाही माहीत असणार आणि बायकोला उघडं पाडायचं नसणार. मी खुर्ची बदलायला सांगितली, पाठीचे व्यायाम लिहून दिले. वजनाचा तो प्रश्न पुन्हा आला होता, पुन्हा "हो" म्हटलं.

घरी आल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले. पण गोडीगुलाबीनं तिनं आजवर काही सोडलेलं नाही.

१० मे

टापटीपचा फोन आला. खात्याची मोठी सभा आहे आणि ज्या दवाखान्यांत ॲपचा चांगला उपयोग झाला त्यांनी एकेक पेशंट मांडायचाय. मला ताईशिवाय दुसरं कुणी सुचेना. साखर हट्टी आहे हे खरं, पण वजनाचा आलेख काय देखणा आहे! पट्टी लावून काढावा तसा.

ताईला विचारलं. त्या भांडणानंतर ती जरा जपून बोलते, पण हे ऐकून खुलली. "म्हणजे तुझ्या सभेत माझा फोटो? इतक्या लोकांसमोर? आधीचाही दाखवशील?" मी म्हटलं, दाखवावा लागेल. म्हणाली, "दाखव. मला काय लाज? मी मजेत होते त्यात."

वजनाच्या प्रश्नाला परवा तिसऱ्यांदा "हो" दिलं. टापटीपला म्हटलं, हा प्रश्न वर्षातून एकदाच विचारा, डोकं खातो. तो म्हणाला, वर कळवतो.

२८ मे

कसं लिहू. सगळं क्रमानं लिहिते.

ताईचा फोटो काढायला सकाळी टापटीप आला. ताईनं नवे कपडे आणले होते, अंगासरशी बसणारे. पहिल्यांदाच असे घेतले, म्हणाली. गळ्यापाशी, हातांवर नखांचे ओरखडे होते. आठवडाभर अंगाला खाज सुटलीय म्हणाली. मी म्हटलं, तेल बंद केल्यानं कातडी कोरडी पडली असेल. हे मी म्हटलं. मी डॉक्टर आहे.

टापटीपनं तिला खिडकीशी भिंतीला टेकून उभं केलं. दोन-तीन फोटो काढले आणि फोनशी खुटखुट करत बसला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "उजेड विचित्र आहे मॅडम. बाई पिवळ्या येताहेत. थांबा, रंग दुरुस्त करतो."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. ताईच्या मागची भिंत पांढरी होती. स्वच्छ पांढरी. पडदा पांढरा. फक्त ताई पिवळी.

मी जाऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. तिला वाटलं मी काजळ पुसतेय. "पसरलं का गं?" म्हणाली.

२९ मे

पोटाचे सर्जन माझ्याच वर्गातले. त्यांनी ओळखीखातर लगेच स्कॅन करून घेतला. साखर जिथून सांभाळली जाते त्या स्वादुपिंडातच गाठ आहे. यकृतातही ठिपके आहेत.

त्यांच्या खोलीत मी डॉक्टरच्या बाजूला बसायचं की नातेवाइकाच्या, हे मला कळेना. उभीच राहिले. ते म्हणाले, "उशिरा सुरू झालेली साखर, घरात कुणाला नाही. भूक गेली, पाठ दुखते. वजन कधीपासून उतरतंय?"

"फेब्रुवारीपासून," मी म्हटलं. "आहारावर आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि सहज विचारलं, "ठरवून?"

त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. कागदाकडे बघत राहिले. चांगला माणूस आहे.

८ जून

पित्ताच्या वाटेत नळी घातली. खाज गेली, रंग उतरला. ऑपरेशन नाही. औषधानं काही महिने मिळाले तर मिळतील, पण अंगात औषध सोसायचीही ताकद नाही, असं सर्जन म्हणाले. वजन इतकं कमी कसं, हे मात्र त्यांनी माझ्यादेखत कुणाला विचारलं नाही.

भावोजींना मी बाहेर बाकावर बसून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे ती खरंच खात नव्हती." मी म्हटलं, नव्हती. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "मीच संपवायचो ना ताट. पण ठिपका हिरवा यायचा, तुम्ही खूश व्हायचात. मला वाटलं, असंच असतं."

१२ जून

आज ॲप उघडून ताईचं पान बघितलं. माझी तिन्ही उत्तरं तारखेसकट आहेत, शेजारी माझं नाव, पदवी. काय मनात आलं कुणास ठाऊक, शेवटचं उत्तर बदलून "नाही" केलं.

ॲपनं क्षणाचाही वेळ लावला नाही. "आहाराचा सल्ला थांबवला आहे," असं आलं आणि खाली करायच्या तपासण्यांची यादी. पोटाचा स्कॅन वरून दुसराच होता. मार्चमध्ये मी तिथं बोट एवढंसं बाजूला ठेवलं असतं, तर हे तेव्हाच दिसलं असतं. तेव्हा गाठ काढता आली असती का? सर्जन म्हणतात, सांगता येत नाही. ते दयेनं म्हणतात की खरं म्हणतात, तेही सांगता येत नाही.

म्हणजे यंत्राची काही चूक नाही. मला यंत्राची चूक हवी होती. कितीदा तरी शोधली.

टापटीपला कळवलं की माझा पेशंट सभेत येणार नाही. तो म्हणाला, "अरेरे, सोडलं का त्यांनी मध्येच?"

२० जून

ताईला सांगितलं. आजार नव्हे, तो तिला सर्जननं सांगितलाय. माझं सांगितलं. प्रश्न येत होता, मी तीन वेळा हो म्हटलं, हे सगळं.

मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ दे गं छोटे. जन्मभर तेच म्हणत आली आहे. मी त्याचीच वाट बघत होते, हे आज स्वतःशी कबूल करते.

ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं भूक नाही म्हणून. तू छान म्हणालीस."

मी मान खाली घातली.

"पाठ दुखते म्हटलं, तर व्यायाम दिलेस. उशी सोड म्हणालीस. चोर म्हणालीस मला." आवाज वाढवायची ताकद नव्हती तिच्यात, त्यामुळे एकेक शब्द सावकाश येत होता. "एवढा आनंद तुला माझा कधीच झाला नव्हता. माझं पोट दुखायचं, आणि मी म्हणायचे, जाऊ दे, छोटी खूश आहे. मला जाड असताना कुणी असं बघितलं नाही गं. तू तर नाहीच."

मग भिंतीकडे तोंड केलं. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. भावोजी दारापर्यंत आले. ते मला आता डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत.

२७ जून

दवाखाना चालू आहे. बेकरीवाला आला होता, साखर अगदी जागेवर. म्हणाला, "तुमच्यामुळे वाचलो मॅडम." नर्स कौतुकानं बघत होती. मी त्याचा रक्तदाब दोनदा मोजला, वजन मोजलं, भूक लागते का विचारलं, पाठ दुखते का विचारलं. पोटावरून हात फिरवला. तो घाबरला. "काही निघालं का?" म्हणाला. मी म्हटलं, नाही, सगळं छान आहे. तो शब्द तोंडातून निघाला आणि मी त्याच्या पोटावर पुन्हा हात ठेवला.

प्रत्येकाला असं तपासत बसते, बाहेर रांग वाढते, लोक कुरकुरतात. याचा कुणाला उपयोग आहे का, मला माहीत नाही. ताईला तर नाहीच.

६ जुलै

ताई माझ्याशी बोलत नाही. मी रोज जाते. नळी बघते, औषधं बघते, ती खिडकीकडे बघते.

आज फोनवर ठिपका आला. हिरवा. सल्ला थांबला तरी फोटो जातातच बहुतेक. भावोजी अजून ताटाचे फोटो काढताहेत. वाटीभर सूप आणि चमचा. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आता हे कशाला? ते म्हणाले, "ताट वाढलं की हात तिकडेच जातो." मग जरा थांबून म्हणाले, "फोटो असला की वाटतं, जेवली."

ॲप काढून टाका असं सांगायला गेले होते. नाही सांगितलं.

१९ जुलै

दुपारी भावोजींचा फोन आला. "तिला तळलेले बटाटे हवेत. तुमच्या हातचे म्हणते." मला धड स्वयंपाक येत नाही हे ताईला पक्कं ठाऊक आहे.

नर्सला सांगून निघाले. तिच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे हेही मला सापडेना. बटाटे सोलले, काप जाडे-बारके झाले, अर्धे करपले. ताट घेऊन खोलीत गेले. ती उशांना टेकून बसली होती. ते नवे कपडेही आता तिच्या अंगावर लोंबतात. तिनं माझ्याकडे नाही, ताटाकडे बघितलं.

एक काप उचलला, नाकाशी नेला, ओठांना लावला आणि परत ठेवला. डोळे मिटून पडून राहिली. घशाशी आलं असणार. मी ताट उचलायला लागले.

"राहू दे," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिला शब्द. "तू खा."

"मला भूक नाही, ताई."

"मलाही नव्हती. बस इथं. माझ्यासमोर खा."

मी पलंगाच्या कडेला बसले. रडू येत होतं आणि तोंडात बटाटा होता. तिनं मला गप्प केलं नाही, पाणीही पुढे केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "हळू खा. मला बघू दे."

मी हळू खाल्लं. करपलेलेही खाल्ले. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी चावत होते तशी तिची हनुवटी किंचित हलत होती. भावोजी दारात उभे होते, आत आले नाहीत. मी शेवटचा काप संपवला.

मग तिनं विचारलं, "मीठ बरोबर होतं का?"

मीठ घालायलाच मी विसरले होते.

"बरोबर होतं," मी म्हटलं.